किती बैठका मारल्या म्हणजे स्नायू वाढतो?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अहिल्यानगर, पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटेच मैदान गाठतात. मुलांना १६०० मीटर धावायचे असते आणि ७.२६० किलोचा गोळा फेकायचा असतो. मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. ५० गुणांच्या या मैदानी चाचणीवर कितीतरी घरांची आशा टांगलेली असते. मग कुणी सांगतो, रोज ५०० बैठका मार. कुणी सांगतो, एकच सेट पुरे. कुणी पावडरचा महागडा डबा पुढे करतो. यातले खरे काय आणि खोटे काय, हे ओळखायचे तर व्यायामानंतर स्नायूच्या पेशीत काय घडते ते आपण समजून घेतले पाहिजे.

पेशीच्या आतले बांधकाम

स्नायू म्हणजे प्रथिनांच्या बारीक तंतूंची जुडी. हे तंतू रोज थोडे मोडतात आणि रोज नवे बनतात. मोडीपेक्षा बांधणी जास्त झाली, तरच स्नायू जाड होतो.

जोर, बैठका, डबलबार किंवा वजन यांचा ताण पडला की पेशीतले ‘एमटॉर’ नावाचे प्रथिन कामाला लागते. त्याला बांधकामावरचा मुकादम समजा. तो ‘एस-६ के-१’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा तुकडा चढवतो. हाच ‘काम सुरू करा’ असा निरोप. प्रत्यक्ष बांधकाम करणारे गवंडी म्हणजे ‘रायबोसोम’. आणि आपण खाल्लेल्या प्रथिनांचे पचून झालेले सुटे भाग, म्हणजे अमिनो आम्ले, या त्यांच्या विटा. मुकादम, गवंडी आणि विटा यांतले एक जरी कमी पडले, तरी भिंत उभी राहत नाही.

सेट वाढवले की काय बदलते?

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये तरुणांना पायाचा एकच व्यायाम करायला लावला, कधी १ सेट तर कधी ३ सेट. ३ सेटनंतर स्नायूतंतूंची बांधणी अधिक वेगाने झाली. २९ तासांनंतर तपासले, तेव्हा १ सेटचा परिणाम ओसरला होता, ३ सेटचा मात्र टिकून होता.

नॉर्वेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे एका पायाने १ सेट आणि दुसऱ्या पायाने ३ सेट व्यायाम केला. १ सेटच्या पायाचा स्नायू सरासरी ३.७ टक्के वाढला, ३ सेटचा ५.२ टक्के. जास्त सेट केलेल्या पायात ‘एस-६ के-१’चा निरोपही जोरात होता आणि गवंडी, म्हणजे रायबोसोमही, अधिक तयार झाले होते. पण ३ सेटचा ठळक फायदा स्नायूंच्या वाढीत ३४ पैकी १३ जणांनाच दिसला. म्हणून मित्राचे दंड लवकर भरले, आपले नाही, तर खचू नये. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते.

दुसरी गोष्ट, सेट तिप्पट केले म्हणून वाढ तिप्पट झाली नाही. एका हद्दीनंतर घाम वाढतो, स्नायू वाढत नाही.

दिवसभर राबणाऱ्याचे काय?

प्रश्न साहजिक आहे. आपल्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगार पहाटेपासून कोयता चालवतो, डोक्यावर मोळ्या वाहतो. एवढे कष्ट करूनही त्याचे शरीर भरत नाही, उलट वाळते. कारण कष्ट खूप, पण ताटात विटा कमी आणि झोप अपुरी. पेशीतली ऊर्जा संपत आली की ‘एएमपीके’ नावाचे दुसरे प्रथिन जागे होते आणि मुकादमाला थांबवते. आधी जगायचे, मग बांधायचे, हा पेशीचा हिशेब आहे. म्हणून दिवसभर बिगारी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलाने सेट कमी ठेवावेत आणि आधी पोटभर खावे.

किती करावे?

आम्ही सुचवतो तो हिशेब असा. सुरुवातीला प्रत्येक व्यायामाचे १-२ सेट, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. महिनाभरात ३-४ सेटपर्यंत जावे. एका स्नायूगटाला आठवड्याला साधारण १० ते १२ सेट पुरेसे आहेत. सेटच्या शेवटच्या दोन-तीन बैठका जड गेल्या पाहिजेत. सोप्या वाटू लागल्या तर पाठीवर वाळूची पिशवी घ्यावी. गोळाफेकीचा सराव मात्र वेगळा करावा, कारण तिथे ताकदीबरोबर तंत्रही लागते.

पहिल्याच दिवशी पैजेवर ५०० बैठका मारू नयेत. स्नायूपेशी फुटून त्यातले प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते. खूप दुखणे, सूज आणि चहासारखी गडद लघवी दिसली, तर घरी मालिश करत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

विटा कुठून आणायच्या?

६० किलो वजनाच्या सराव करणाऱ्याला दिवसाला ७० ते ९५ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, ५० ग्रॅम हरभऱ्यांत १०, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम मिळतात. भाकरी आणि डाळ-हुलग्यांतून २० ते २५ ग्रॅम येतात. सुकट-बोंबील असेल तर आणखी भर. पावडरच्या डब्यावाचून हिशेब पुरा होतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि ‘लवकर बॉडी होते’ म्हणून कुणी इंजेक्शन देत असेल, तर सरळ नकार द्या. त्याने हृदय आणि यकृत धोक्यात येते.

शेवटची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. मुलीच्या पेशीतही हाच मुकादम आणि हेच गवंडी आहेत. भावाच्या ताटात दोन अंडी असतील, तर मैदानावर जाणाऱ्या बहिणीच्या ताटातही दोनच असली पाहिजेत.