विजया आणि सीबीडी : कायदा वनस्पतीचा भाग पाहतो

अलीकडे ‘सीबीडी’ नावाची तैले व कॅप्सूल घेऊन विक्री-प्रतिनिधी चिकित्सालयांत आणि औषधालयांत येऊ लागले आहेत. ‘हेम्पपासून बनविलेले, म्हणून कायदेशीर’ असे त्यांचे सांगणे असते. हे अर्धसत्य असून त्यावर विसंबून केलेला साठा वैद्य व विक्रेता या दोघांनाही अडचणीत आणू शकतो.

अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्यात टीएचसी या मादक घटकाची ०.३ टक्के ही मर्यादा धरून ‘हेम्प’ वेगळे काढले. आपल्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मध्ये असा टक्केवारीचा निकष नाही. तेथे प्रश्न एकच : वनस्पतीचा कोणता भाग? राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. आणि यांपासून केलेले मिश्रणही त्याच व्याख्येत येते. शेंड्यांविरहित पाने व बिया मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत.

सीबीडी मुख्यत्वे फुलोऱ्यात असते. बियांत ते जवळजवळ नसते. बियांचे तेल व पीठ यांना २०२१ मध्ये अन्नपदार्थ म्हणून मान्यता मिळाली, परंतु ती सवलत सीबीडी-तैलास लागू होत नाही.

पाने केंद्रीय अधिनियमातून वगळली, तरी ती मोकळी नाहीत. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ भांगेस मादक द्रव्य मानतो. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र विक्री-परवाना लागत नाही, म्हणून कच्ची भांग बाळगण्यासही परवाना नको, असा अर्थ काढू नये.

आपल्यासाठी राजमार्ग आहे तो शास्त्रोक्त विजयेचा. जातीफलादि चूर्णासारख्या योगांत शोधित भांग पूर्वापार वापरली जाते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांग (बिया वगळून) विषारी द्रव्यांत गणली आहे. त्यामुळे पोटात घेण्याच्या अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना हिंदी व इंग्रजीत छापणे बंधनकारक आहे.

खरेदीपूर्वी पुढील बाबी लेखी मागाव्यात : उत्पादकाचा आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना, घटकद्रव्यांत वनस्पतीच्या भागाचा स्पष्ट उल्लेख, कच्च्या मालाच्या परवान्याची प्रत आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल. ‘पूर्ण वनस्पतीचा अर्क’ एवढेच लिहिलेले असल्यास माल परत करावा. तसेच कर्करोग, मधुमेह वा अपस्मार बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक अधिनियमाने निषिद्ध आहे, हेही ध्यानात ठेवावे.

१९८५ च्या अधिनियमाच्या कलम ३५ नुसार न्यायालय आरोपीचा दोषपूर्ण हेतू गृहीत धरते. तो नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर पडते. ‘प्रतिनिधीने सांगितले होते’ एवढ्याने ते पेलत नाही. कागदपत्रे मात्र ते पेलू शकतात. म्हणून ती साठ्यासोबतच जपावीत.