वखारीतला शब्दसंग्रह

लकडगंज म्हटले की नागपूरकरांना सागवानाच्या थप्प्या, आरामशीनचा कर्कश आवाज आणि ताज्या भुशाचा वास आठवतो. २०२३ साली उद्घाटन झालेल्या दिल्लीतील नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहूनच गेले. अशा वस्तीतील व्यापारी घरांतली मुले आता कायद्याच्या, व्यवस्थापनाच्या किंवा परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांना बसतात. गणितात ती सहसा अडत नाहीत. अडतात ती इंग्रजी उताऱ्यावर. मग कठीण शब्दांची यादी आणली जाते, रोज तीस-चाळीस शब्द घोकले जातात आणि महिनाभराने त्यांतले मोजकेच उरतात.

वास्तविक या मुलांच्या घरी शब्दांची वखारच आहे. लाकडातला ओलावा घालवून ते वापरायोग्य करणे म्हणजे ‘सीझनिंग’, हे वखारवाल्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. मात्र उताऱ्यात ‘सीझन्ड डिप्लोमॅट’ आला की तोच मुलगा बुचकळ्यात पडतो. मराठीत आपण ज्याला ‘मुरलेला’ मुत्सद्दी म्हणतो, तोच हा. हलक्या लाकडावर चिकटवलेला उंची लाकडाचा पातळ पापुद्रा म्हणजे ‘व्हिनिअर’; वरवरच्या सभ्यतेलाही इंग्रजी लेखक हाच शब्द योजतात. लाकूड पीळ खाते, वाकते, ते ‘वॉर्प’. पूर्वग्रहाने वाकडी झालेली बुद्धी ‘वॉर्प्ड’. रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड ओरबाडले जाते, म्हणून स्वभावाविरुद्ध केलेले काम इंग्रजीत ‘अगेन्स्ट द ग्रेन’ ठरते.

मुळांकडे गेले तर हे नाते आणखी खोल दिसते. ‘रोबस्ट’च्या मुळाशी ओक वृक्षाचे लॅटिन नाव ‘रोबुर’ आहे. ‘मटेरिअल’ ज्या ‘मातेरिआ’वरून आला, त्या शब्दाचा एक अर्थ इमारती लाकूड असाच होता. संचालकांचे ‘बोर्ड’ मुळात फळी, मग मेज, आणि पुढे मेजाभोवती बसणारी माणसे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी पाण्यात टाकत त्या ओंडक्यावरून ‘लॉगबुक’ आले. आज संगणकावर ‘लॉग इन’ करणाऱ्या कोणाला तो ओंडका आठवत नसेल. खुद्द ‘टीक’ हा शब्द मलयाळम ‘तेक्क’पासून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. ‘मंगूज’ तर थेट आपला मुंगूसच. इंग्रजी ही सर्वस्वी परकी भाषा आहे, ही धास्ती अशा उदाहरणांनी बरीच ओसरते.

किती शब्द पुरेत? ढाक्यात शिक्षणकार्य केलेल्या मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० पायाभूत शब्दांची सूची प्रसिद्ध केली. वृत्तपत्रे व कादंबऱ्या विनासायास वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा अंदाज पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. एका मुळापासून निघालेली रूपे मिळून एक कूळ होते, त्यामुळे आकडा दिसतो तितका भयंकर नाही. तरीही तो एका उन्हाळी सुटीत गाठण्याचा नव्हे. तसे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून पालकांनी दूरच राहावे.

विस्मरणाचा उपायही जुना आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून १८८५ मध्ये दाखवले, की पाठांतराचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच गळतो. मात्र अंतराअंतराने उजळणी केली की कमी श्रमात अधिक टिकते. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी यावर कप्प्यांच्या पेटीची युक्ती सुचवली. आठवलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो व उशिरा तपासला जातो. विसरलेला पहिल्या कप्प्यात परततो. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आणि खोक्यात चार आडवे पुठ्ठे एवढ्यावर भागते. चिठ्ठीवर मात्र नुसता अर्थ न लिहिता स्वतःचे एक वाक्य लिहावे, आणि ते शक्यतो दुकानातले असावे. ‘सीझन्ड’चे वाक्य लिहिताना मुलाने वडिलांना विचारले, की ओले लाकूड ओळखायचे कसे, तर त्या संध्याकाळी इंग्रजीबरोबर धंद्याचाही एक धडा होऊन जातो.