पाण्याची सोशीकता

स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या आमच्या वाचकभगिनींना एक गोष्ट पुस्तक न वाचतांहि ठाऊक असते. सारख्याच आंचेवर एका पातेल्यांत पाणी व दुसऱ्यांत तितक्याच वजनाचें तेल ठेविलें, तर तेल चांगलें तापतें, तरी पाणी अद्याप कोमटच असतें. उष्णता दोघांस सारखीच मिळाली. मग हा पंक्तिप्रपंच कां?

याचें कारण असें कीं, एक अंश तापण्यास प्रत्येक पदार्थाला निरनिराळी उष्णता लागते. ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनीं इ. स. १७६० च्या सुमारास ही गोष्ट स्पष्टपणें ओळखली. शास्त्रज्ञ हिला 'विशिष्ट उष्णता' म्हणतात. पाण्याची १ मानली, तर खाद्य तेलाची सुमारें अर्धी, लोखंडाची ०.११, तांब्याची ०.०९ आणि पाऱ्याची अवघी ०.०३ भरते.

आतां न्हाणीघराकडे वळूं. ५ किलो वजनाच्या तांब्याच्या बंबांत २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाचें, तर पाण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. बंबास मात्र अवघी ९. तेंच पाणी ४० अंशांवर थांबविलें, तर उष्णतेची चौथाई वांचते. बंबाच्या जागीं विजेचें उपकरण आलें, तरी हिशेब तोच.

जें सावकाश तापतें, तें निवतेंहि सावकाश. म्हणूनच शेकण्यास पाण्याची पिशवी उत्तम. परंतु धोका आहे तो याच गुणांत. एक किलो लोखंड ६० अंशांवरून ४० अंशांवर येतांना सुमारें २ किलोकॅलरी उष्णता देतें. तितकेंच पाणी २० देतें. मधुमेहानें वा अर्धांगवायूनें ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, अशा वडील माणसांस चटका कळत नाहीं आणि पिशवी तर उष्णता देतच राहते. त्यांच्या पायांशीं ती न ठेवणेंच श्रेयस्कर. लोकरी मोजे व पांघरूण पुरे.

घराबाहेरहि हाच न्याय चालतो. मे महिन्यांत नागपुरास पारा ४२ अंशांपलीकडे जाणें नवलाचें नाहीं. मुंबईस तो बहुधा ३३-३४ च्या आसपास राहतो. कोरडी जमीन लवकर तापते. समुद्राची उष्णता मात्र खोलवर पसरते, कांहीं बाष्पीभवनांत खर्च होते, आणि उरलेलीनेंहि पाणी थोडेंच तापतें.

या सोशीकतेवर आज मोठा भार पडला आहे. मनुष्याच्या धुरानें पृथ्वीवर जी जादा उष्णता सांचत आहे, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानें पोटांत घेतला आहे. त्यामुळें आपणांस झळ कमी लागते, हें खरें. पण जो उशिरां तापतो, तो उशिरांच निवतो. आज समुद्रानें सोशिलेली उष्णता आपल्या नातवंडांच्याहि वांट्यास येईल. घरांतील सोशीक माणसाच्या मौनास संमति समजूं नये, असें वडील सांगत. समुद्राविषयींहि आम्हांस तेंच म्हणावेंसें वाटतें.