चलो मालगुंड! (सोबत एक निळी फाइल)

शुक्रवारी रात्री साडेअकराला ठाणे स्टेशनवर उभी असताना मला एवढंच ठाऊक होतं, की आपण समुद्र बघायला चाललोय. सॅकमध्ये दोन टी-शर्ट, टोपी, सनस्क्रीन आणि एक अर्धवट आर्टिकल. फ्रीलान्सरचा वीकेण्ड असाच असतो. तुमच्यासारखं शुक्रवारी कम्प्युटर बंद केला की सुटलो, असं नाही. (तुम्हीही हल्ली कुठे सुटता म्हणा, बॉसचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतोच.)

आम्ही तिघं होतो. मी, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण आणि तिच्या ऑफिसातला एक मित्र. याला आम्ही ‘एक्सेल’ म्हणतो, कारण तो पिकनिकचीही एक्सेल शीट काढतो. मैत्रिणीचं आजोळ मालगुंडला. ‘आजीकडे जाऊ, फुकटात राहू, मस्तपैकी खाऊ’ एवढाच प्लॅन तिने सांगितला होता. तिच्या सॅकमध्ये एक निळी प्लॅस्टिकची फाइल होती, ती मात्र तिने कोकणकन्येत रात्रभर उशाशी घेतली. मी विचारलं नाही. ट्रेनमध्ये माणसं लॅपटॉपही उशाशी घेतात.

पहाटे रत्नागिरी. स्टेशनवर चहा-वडापाव आणि मग रिक्षा. गणपतीपुळ्याकडे जायला दोन रस्ते आहेत. एक हायवेने, निवळी फाट्यावरून. दुसरा शिरगाव, साखरतर, बसणी करत समुद्राच्या कडेने. डोळे मिटून दुसरा घ्या. आरे-वारेचा चढ आला की रस्ता वळतो आणि खाली दोन्ही बाजूंना किनारा, एकाला लागून सुरूचं बन. रिक्षावाल्या काकांनी न सांगता रिक्षा थांबवली. त्यांना सवय असणार. एक्सेलच्या शीटमध्ये इथे पाच मिनिटं होती. आम्ही चाळीस घेतली.

गणपतीपुळ्यात बहुतेक सगळे उतरतात. स्वयंभू गणपती, एक किलोमीटरची डोंगराची प्रदक्षिणा, बीचवर उंट, घोडागाडी, भेळ. वाईट काही नाही, पण शनिवारी तिथे अर्धं पुणे आणि उरलेली मुंबई असते. मालगुंड तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत. आणि तेवढ्यात आवाज बदलतो. हॉर्न संपतात, पंपाची धडधड सुरू होते. लाल चिऱ्याचे गडगे, आंब्याला मोहोर (आम्ही फेब्रुवारीत गेलो, तुम्हीही तेव्हाच जा), आणि घरामागे समुद्राकडे सरकत गेलेली नारळ-पोफळीची आगरं.

‘आलात गो? पाय धुवा आधी,’ आजी पडवीतूनच म्हणाल्या. वय शहात्तर, राहतात एकट्या. पंधराव्या मिनिटाला आमच्यापुढे घावन आणि नारळाचं दूध-गूळ होतं. एक्सेलने सात खाल्ले. हे शीटमध्ये नव्हतं.

आता समुद्र. गायवाडीचा किनारा लांब आहे, मोकळा आहे आणि अगदी निरागस दिसतो. इथेच लोक फसतात. पुळ्याच्या पट्ट्यात पोहायला उतरलेली शहरातली माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातला माणूस दोन लाटांत गळ्याएवढ्या पाण्यात पोचतो. एक्सेल शर्ट काढून निघालाच होता. किनाऱ्यावरच्या एका दादांनी लांबूनच हाक मारली, ‘ओ साहेब, स्विमिंग पूल नाय हा!’ तो ओशाळून परत आला. मी मनातून त्या दादांना सतरा नमस्कार केले.

हे दादा निघाले कासवमित्र. इथे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. साधारण नोव्हेंबर ते मार्च माद्या रात्री वाळूत येतात, खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि मागे वळूनही न बघता निघून जातात. ती अंडी कुत्री-कोल्ह्यांच्या तावडीतून वाचावीत म्हणून हलवून जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरायची, प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी लावायची आणि पन्नास-पंचावन्न दिवस राखण करायची. कोकणात हे काम 2002 मध्ये वेळासला सुरू झालं आणि हळूहळू किनाऱ्यावरच्या गावागावांत पोचलं. सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली तर माद्या जास्त. ‘म्हणजे ग्लोबल वॉर्मिंगमुळे मुली वाढणार?’ एक्सेल म्हणाला. दादा हसले नाहीत. ‘मग अंडी कुणापासून होणार?’ एवढंच म्हणाले.

संध्याकाळी अकरा पिल्लं सोडली. तळहाताहून लहान, ओल्या वाळूवर फरफटत निघालेली. एक उलटं पडलं, सरळ झालं, पुन्हा निघालं. उचलून पाण्यात नेऊन का सोडत नाहीत, तर त्यांना ते वाळूतलं अंतर स्वतः चालू द्यावं लागतं. मैत्रीण शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत उभी होती.

त्याआधी, दुपारच्या उन्हात, आम्ही केशवसुतांच्या घरी गेलो होतो. खरं सांगते, मास कॉमला असतानाही मला केशवसुत म्हणजे ‘तुतारी’ आणि दहा मार्कांचा प्रश्न एवढंच माहीत होतं. कृष्णाजी केशव दामले, जन्म 1866, इथलाच. घर साधं, शेणाने सारवलेलं. शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक. त्याचं उद्घाटन 1994 मध्ये कुसुमाग्रजांनी केलं. आवारात काळ्या दगडावर कोरलेल्या कविता.

मी थांबले त्यांच्या नोकऱ्यांपाशी. मॅट्रिक व्हायलाच तेविशी आली. मग मुंबईत तुटपुंज्या, टेम्पररी नोकऱ्या. 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि ते खानदेशात मास्तरकीला गेले, पुढे धारवाडला. सॉनेट मराठीत आणणारा, ‘झपूर्झा’ लिहिणारा हा माणूस आयुष्यभर या गावाहून त्या गावी पगारासाठी फिरला आणि 1905 मध्ये हुबळीला प्लेगनेच गेला. वय एकोणचाळीस. हयातीत एकही कवितासंग्रह नाही. पोटासाठी मुंबई गाठणारा, भाड्याने राहणारा आणि गावाकडचं घर मनात बाळगणारा माणूस. आमच्यापैकी निम्मे असेच नाहीत का? ‘पण याचं घर तरी राहिलं,’ मैत्रीण एकदम म्हणाली आणि बाहेर गेली.

रात्री जेवणं झाल्यावर निळी फाइल बाहेर आली. (इथून पुढचं तिच्या परवानगीने. अट एकच, नाव नको.)

फाइलमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा होता. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. आजोबांच्या मागे घर आणि आगरावर आजी, मामा आणि आई अशी नावं लागली होती. आईच्या जागी ही आणि तिचे बाबा आले. बाबांनी होकार देऊन टाकलाय. मामाकडे एका रिसॉर्टवाल्याची ऑफर आहे आणि त्याला भाचीने हक्क सोडायला हवाय. सोमवारी रत्नागिरीला निबंधक कार्यालयात जायचं होतं. एक्सेलने लगेच शीट उघडली. हिचं परतीचं तिकीट रविवारचं नव्हतंच. तिने आम्हाला सोबतीला आणलं होतं.

मामाला व्हिलन करून टाकणं सोपं आहे. मीही रात्री अकरापर्यंत केलं. पण तो डोंबिवलीत राहतो आणि दर पावसाळ्याआधी कौलं फेरायचे पैसे तोच पाठवतो. 2021 च्या तौक्ते वादळात माड पडले, तेव्हा तोच येऊन राहिला होता. पाडेली वेळेवर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि जे नारळ उरतात ते माकडं खाली टाकतात. त्याचे पंचावन्न संपत आलेत. आणि आजीला रात्री छातीत कळ आली तर? ‘दर महिन्याला मी तरी कुठे येते?’ मैत्रीण म्हणाली. ‘वर्षातून दोन वीकेण्ड. तेही घावन खायला.’

एक गोष्ट मात्र तुम्हा मुलींना सांगून ठेवते, कारण आपल्याला ती लग्नाच्या हॉलचं बुकिंग होईपर्यंत कुणी सांगत नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर ‘माझं चुकलं’ म्हणून सहज परत घेता येत नाही. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवा आणि आधी वकील गाठा.

रविवारी सकाळी जयगड केला. किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर, तटावरून एकीकडे खाडी आणि दुसरीकडे वीज प्रकल्पाची चिमणी. समोरच्या तवसाळला जाणारी फेरीबोटही आहे. फोटो छान आले. लक्ष कुणाचंच नव्हतं.

परत आलो तर आजी झोपाळ्यावर चष्मा लावून निळी फाइल वाचत होत्या. मैत्रीण जागच्या जागी थिजली.

‘मामाने तुला दिलंनी होय हे?’

‘आजी, मी सांगणारच होते...’

‘वाचलं मी सगळं. यात तुझी सही आहे, तुझ्या बाबांची आहे.’ त्यांनी पान उलटून पाहिलं. ‘आणि विकायला माझीपण लागते ना गो? ती अजून कोणी मागितलीनच नाही.’

कुणीच काही बोललं नाही. मग एक्सेल हसायला लागला, मग मी, आणि शेवटी ती दोघंही. आजींनी फाइल बंद केली. ‘त्याला फोन लाव. म्हणावं सोमवारी नको, शिमग्याला ये. तिघं बसून बोलू. विकायचं तर विकू, पण मला विचारून.’

फोन लागला. मामा बराच वेळ चिडून बोलत होता, पडवीपर्यंत ऐकू येत होतं. शेवटी आजींनीच फोन घेतला. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, कारण आम्हाला नारळ वेचायला आगरात पाठवलं होतं.

रात्री आम्ही दोघंच कोकणकन्या पकडून परतलो. मैत्रीण मंगळवारी आली. सोमवारी तिने विहिरीचा पंप दुरुस्त करून घेतला आणि आजीला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली. फाइल मालगुंडलाच आहे, आजीच्या कपाटात. शिमग्याचं तिकीट एक्सेलने काढलंय. तिघांचं.

जायचं कसं? कोकणकन्या रात्री मुंबईहून निघते आणि पहाटे रत्नागिरीला सोडते. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं, अलार्म लावा. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण 25 किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. आजी नसेल तर गावात घरगुती राहण्याची सोय शोधा. जेवण आधी सांगून ठेवा, ऐनवेळी पाच जणांचा स्वयंपाक होत नाही. कासवांच्या पिल्लांवर फ्लॅश मारू नका.