सूनबाईंची नोंदणी आणि दुकानाचा परवाना

टेंभुर्णी हे रस्त्यांनी घडविलेले गाव आहे. पुणे-सोलापूर महामार्ग, नगरहून करमाळ्यावरून येणारा रस्ता, पंढरपूर आणि कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या वाटा येथे एकत्र येतात. उजनीच्या पाण्यामुळे परिसरात ऊस वाढला, साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहत झाली आणि त्यांच्यामागोमाग दवाखाने व औषधांची दुकाने आली. किराणा, कापड आणि आडत यांत पिढ्या घालविलेल्या आपल्या समाजातील अनेक घरांची नवी पिढी अशा गावांतून औषधव्यवसायात स्थिरावली आहे. सोयरिकींचा परीघ मात्र जुनाच आहे. विजापूर, बेळगाव, गुलबर्गा ही गावे आपल्याला कधीच परकी नव्हती. १९५६ पर्यंत विजापूर व बेळगाव हे जिल्हे सोलापूरप्रमाणेच मुंबई राज्यात होते. राज्यांची सीमा मध्ये आली, तरी लेकी-सुनांचे येणे-जाणे थांबले नाही. परंतु ही सीमा एका ठिकाणी आजही आडवी येते, आणि ते ठिकाण म्हणजे शिकून आलेल्या सुनेचे फार्मासिस्टचे प्रमाणपत्र.

घरात औषधाचे दुकान आहे, सून कर्नाटकातून डी. फार्म. किंवा बी. फार्म. होऊन आली आहे, तेथे तिची नोंदणीही झाली आहे. तेव्हा आता बाहेरचा फार्मासिस्ट ठेवण्याची गरज उरली नाही, असे आपण सहज गृहीत धरतो. कायदा तसे मानत नाही. ही बाब वेळीच न समजल्याने चालती दुकाने अडचणीत येतात आणि शिकलेल्या मुलींची विद्या कपाटात पडून राहते. म्हणून हा विषय सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

परीक्षा देशाची, नोंदणी राज्याची

आपल्या देशात फार्मसीचा व्यवसाय १९४८ च्या फार्मसी कायद्याने नियंत्रित होतो. या कायद्याने दोन स्तर निर्माण केले. अभ्यासक्रम कोणता, संस्था मान्य आहे की नाही, हे भारतीय फार्मसी परिषद ठरविते. प्रत्यक्ष नोंदवही मात्र प्रत्येक राज्याच्या फार्मसी परिषदेकडे असते. परिणामी, कर्नाटकातील मान्य संस्थेची पदविका महाराष्ट्रातही ग्राह्य असते. परंतु कर्नाटकाच्या नोंदवहीतील नाव महाराष्ट्राच्या नोंदवहीत आपोआप येत नाही.

व्यापारी वाचकांना तुलना सोपी जाईल. आपल्या सनदी लेखापालांची नोंद एकाच राष्ट्रीय संस्थेकडे असते, मुंबईचा सी. ए. उद्या बंगळुरूला गेला तरी त्याचा सदस्य क्रमांक तोच राहतो. वकिलांचे तसे नाही. त्यांची सनद राज्याच्या बार कौन्सिलकडे असते आणि राज्य बदलल्यास १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याप्रमाणे नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत बदलून घेता येते. फार्मासिस्ट या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

बँकेत संगणक येण्यापूर्वीचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना हे अधिक पटेल. खातेदार तोच, पैसे त्याचेच, बँकही तीच. तरीही नव्या शाखेत खाते बदलून येईपर्यंत, जुन्या शाखेकडून शिल्लक आणि सहीचा नमुना टपालाने पोहोचेपर्यंत, नवी शाखा त्याचा धनादेश वटवीत नसे. तो अविश्वास नव्हता. ज्या वहीवर शाखेचा भरवसा, त्या वहीत त्याची नोंद नव्हती, एवढेच.

कायद्याच्या ३२ व्या कलमाने दार मात्र उघडे ठेवले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली, त्या राज्यात राहणारी किंवा तेथे फार्मसीचा व्यवसाय करणारी व्यक्ती मान्य परीक्षा उत्तीर्ण असेल, अथवा दुसऱ्या राज्यात नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल, तर विहित शुल्क भरून तिला नोंदणीचा हक्क आहे. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. आणि त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही.

बदलीची वाट

या प्रक्रियेला दोन टोके असतात. पहिले टोक मूळ राज्याच्या परिषदेकडे. तेथे अर्ज करून ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपल्यावर कोणतीही कारवाई प्रलंबित नसल्याचा दाखला मागावा लागतो. दुसरे टोक नव्या राज्याच्या परिषदेकडे. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचे कार्यालय मुंबईत मुलुंड येथे आहे. पदविका किंवा पदवी, गुणपत्रके, मूळ नोंदणीचे प्रमाणपत्र, वयाचा व येथील रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे आणि शुल्क यांसह येथे अर्ज होतो. कागदपत्रांची खातरजमा झाल्यावर नाव येथील नोंदवहीत येते. दोन्ही राज्यांच्या नोंदी एकाच वेळी चालू ठेवून दोन ठिकाणी प्रमाणपत्र लावण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. आवश्यक कागदांची यादी व शुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जापूर्वी दोन्ही परिषदांच्या ताज्या सूचना वाचाव्यात.

वेळ जातो तो बहुधा तीन कारणांनी. पहिले कारण नाव. प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र वेळेवर काढलेले असेल तर हा दुवा सहज जुळतो. नसेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशी धावपळ सुरू होते. दुसरे कारण नूतनीकरण. मूळ नोंदणीचे शुल्क थकले की नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते, आणि जे नाव मूळ वहीतच चालू नाही ते बदलून कसे येणार? तिसरे कारण म्हणजे मूळ कागद माहेरी आणि गरज सासरी.

येथे एक गोष्ट विवाह ठरविताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलीने परीक्षा उत्तीर्ण केली असून नोंदणी अजून केलेली नसेल आणि विवाह लवकरच ठरला असेल, तर माहेरच्या राज्यात नोंदणी करून पुन्हा ती बदलून घेण्यापेक्षा सासरी आल्यावर येथील रहिवासाच्या पुराव्यासह थेट महाराष्ट्रात नोंदणीचा अर्ज करता येतो. मान्य परीक्षा उत्तीर्ण असणे हीच त्यासाठीची पात्रता आहे.

पदविकाधारकांसाठी आता आणखी एक टप्पा आला आहे. २०२२ च्या विनियमांनी डी. फार्म. नंतर निर्गम परीक्षा लागू केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती प्रथमच झाली. तीन प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीत किमान ५० टक्के गुण एकाच प्रयत्नात मिळवावे लागतात. ही परीक्षा राष्ट्रीय पातळीवर होते. तिचा निकाल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ‘बदलून’ घ्यावा लागत नाही. राज्याची वही तेवढी वेगळी राहते.

चार महिन्यांचा अडसर

माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. दुकान सासऱ्यांनी उभारलेले, परवान्यावर नाव एका वयस्क फार्मासिस्टचे. ते रोज येत आणि मन लावून काम करीत. प्रकृती ढासळल्याने त्यांनी अचानक काम सोडले. घरातील सून कर्नाटकात शिकलेली व तेथे नोंदणी झालेली, विवाहाला तीन वर्षे झालेली. कुटुंब निश्चिंत होते. कागद काढून पाहिले तेव्हा कळले की तिचे नूतनीकरण थकले आहे, प्रमाणपत्रावर नाव माहेरचे आहे आणि विवाहाची नोंदणीच झालेली नाही. आधी विवाह नोंदणी, मग तिकडचे नूतनीकरण, मग ना-हरकत, मग येथील अर्ज, असे सारे पार पडेपर्यंत जवळपास चार महिने गेले. त्या काळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे देणे त्यांनी बंद ठेवले. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या नेणारी माणसे इतरत्र गेली.

या चार महिन्यांत कुणाचे तरी प्रमाणपत्र भिंतीवर लावून काम चालविण्याचा सल्ला त्यांना एकापेक्षा अधिक जणांनी दिला. सासऱ्यांनी तो ऐकला नाही. पुढे सूनबाई दुकानात बसू लागल्या. थोड्याच दिवसांत एक वृद्ध गृहस्थ दोन निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आले. दोन्ही चिठ्ठ्यांवर गोळ्यांची नावे वेगळी, पण आत औषध एकच, मेटफॉर्मिन. सूनबाईंनी औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना दूरध्वनी केला आणि दुहेरी मात्रा टळली. ज्याला व्यापारी नावामागचे मूळ औषध कळते, त्याने समोर उभे असणे का आवश्यक आहे, हे सांगायला याहून मोठे उदाहरण नको.

भिंतीवरचे प्रमाणपत्र

भाड्याच्या प्रमाणपत्राचा विषय आपल्यात दबक्या आवाजात बोलला जातो. तो मोकळेपणाने बोलला पाहिजे. फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज अन्य कोणी तयार करून किंवा मोजून देणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. औषध नियम, १९४५ मधील ६५ व्या नियमाप्रमाणे अशी विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी लागते. दुकानातील पात्र व्यक्ती बदलल्यास परवाना अधिकाऱ्यास एका महिन्याच्या आत कळवावे लागते. अटी मोडल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव नोंदवहीतून जाऊ शकते. २०१२ च्या सुमारास राज्यात अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टविना चालणाऱ्या दुकानांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हाची धावपळ अनेकांना आठवत असेल.

ज्यांना केवळ घाऊक व्यापार करावयाचा आहे, त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे. तेथे फार्मासिस्टऐवजी औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला शालान्त परीक्षा उत्तीर्ण माणूसही चालतो. म्हणजे प्रामाणिक मार्ग नाही, अशी स्थिती नाही.

शिवाय आपल्यासाठी हा प्रश्न केवळ सरकारी नियमाचा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ हे दोन आहेत. पहिल्याचा अर्थ राज्याच्या नियमाचे उल्लंघन करून केलेला व्यापार, दुसऱ्याचा अर्थ खऱ्याच्या जागी खोटे खपविणे. अनुपस्थित माणसाचे प्रमाणपत्र टांगून औषध विकण्यात हे दोन्ही दोष एकत्र येतात. चार दानांत औषधदानाला स्थान देणाऱ्या समाजाने औषधाच्या व्यवहारात तरी हा दोष लागू देऊ नये.

सातासमुद्रापलीकडेही हीच वाट

अमेरिकेत विवाह होऊन जाणाऱ्या मुलींच्या पालकांनी तेथील रीतही जाणून घ्यावी. तेथेही परवाना राज्याचाच असतो. नॅपलेक्स ही परीक्षा सामायिक असून तिचे गुण दुसऱ्या राज्याकडे पाठविण्याची सोय १९०४ मध्ये स्थापन झालेली राज्यमंडळांची राष्ट्रीय संघटना करते. मात्र बहुतेक राज्ये आपल्या कायद्याची स्वतंत्र परीक्षा घेतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मोठी अडचण त्याआधीच येते. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी तेथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम आवश्यक मानला जातो. त्यामुळे चार वर्षांची बी. फार्म. पुरत नाही, सहा वर्षांची फार्म. डी. उपयोगी पडते. परदेशचे स्थळ पाहताना ही माहिती साखरपुड्यापूर्वी असलेली बरी.

घरच्या फार्मासिस्टचा मान

शेवटी हिशेबाचे दोन शब्द. सूनबाईंचे नाव परवान्यावर आले की घरखर्चातील एक पगार वाचला, असा विचार पुष्कळ घरांत होतो. तो योग्य नाही. तिला रीतसर नेमणूकपत्र द्यावे आणि वेतन तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करावे. पतीच्या व्यवसायातून पत्नीला दिलेले वेतन सर्वसाधारणपणे पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते. पण पत्नीकडे व्यावसायिक पात्रता असेल आणि वेतन केवळ त्या ज्ञानाच्या कामाबद्दल असेल, तर ते तिचेच उत्पन्न मानण्याची तरतूद प्राप्तिकर कायद्यात आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट सून प्रत्यक्ष दुकानात काम करीत असेल, तर हे उदाहरण त्यात बसू शकते. आपल्या सनदी लेखापालांना अवश्य विचारावे.

नोंदणी टिकविण्याची काळजीही घरानेच घ्यावी. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनुसार पाच वर्षांत किमान एकेक दिवसाची दोन उजळणी शिबिरे करणे अपेक्षित आहे. लहान मूल आहे, घरात कार्य आहे म्हणून ते दिवस चुकू नयेत. ज्या घरांत फार्मसी शिकलेली सून आहे, त्यांनी येत्या आठवड्यात तिचे प्रमाणपत्र एकदा बाहेर काढावे आणि त्यावरील नाव, राज्य आणि नूतनीकरणाची तारीख पाहावी. दुकानाला गरज पडण्याची वाट पाहू नये.