विश्लेषण : बंद पडलेल्या ‘फायरफ्लाय’वर चाहत्यांचा एवढा जीव का?

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने ‘फायरफ्लाय’ ही अंतराळमालिका सप्टेंबर २००२ मध्ये सुरू केली आणि डिसेंबरमध्ये गुंडाळली. तयार १४ भागांपैकी ११ दाखवले, तेही क्रम मोडून. पात्रांची ओळख करून देणारा पहिला भाग तर सर्वांत शेवटी आला! प्रेक्षक गोंधळले यात नवल नाही. मालिका पडली नाही, पाडली गेली, ही चाहत्यांची सल तिथली. २००३ मध्ये डीव्हीडीवर सगळे भाग योग्य क्रमाने मिळाले आणि त्या हातोहात खपल्या. २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ चित्रपटही आला. तिकीटबारीवर तो जेमतेमच चालला. तरी चाहते हटले नाहीत. मालिकेतील युद्धात हरलेल्या सैनिकांचे ‘ब्राउनकोट्स’ हे नाव ते अभिमानाने मिरवतात. २००६ पासून याच चित्रपटाचे खेळ लावून त्यांनी महिला हक्कांसाठी लढणाऱ्या ‘इक्वालिटी नाऊ’ संस्थेला निधी मिळवून दिला.