तान काह की : वसाहतकालीन सिंगापूरमधील एक चिनी उद्योजक

ब्रिटिश मलायातील रबर म्हटले की युरोपीय मळेवाले आणि दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. स्थलांतरित चिनी भांडवल त्यात सहसा दिसत नाही. ते समजून घेण्यासाठी तान काह की (१८७४–१९६१) यांचे उदाहरण पाहू.

चीनच्या फूजियान प्रांतातील जीमेई येथे जन्मलेले तान १८९० मध्ये वडिलांच्या तांदळाच्या पेढीत काम करण्यासाठी सिंगापूरला आले. पुढे ती पेढी बुडाली. वडिलांचे कर्ज फेडण्याचे कायदेशीर बंधन मुलावर नव्हते. तरीही तान यांनी ते फेडले. यात सचोटी होतीच, पण व्यवहारही होता. चिनी व्यापारात बरीचशी देवघेव शब्दावर व उधारीवर चाले आणि पत गेली की धंदा संपे.

१९०४ मध्ये त्यांनी अननस डबाबंद करण्याचा कारखाना काढला आणि १९०६ मध्ये अननसाच्याच मळ्यात रबर लावले. रबराच्या झाडापासून चीक मिळण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोपर्यंत खर्च अननसावर भागतो. पहिल्या महायुद्धात जहाजांची टंचाई होती. त्यांनी जहाजे भाड्याने घेऊन त्या व्यवसायातही पैसा कमावला.

त्यांचे वेगळेपण मात्र पुढच्या टप्प्यात आहे. वसाहतीने कच्चा माल पाठवावा व पक्का माल विकत घ्यावा, अशी एकूण रचना होती. तान यांनी सिंगापुरातच रबरी बूट व टायर बनवले आणि स्वतःच्या दुकानांतून विकले. या विस्तारासाठी बँकांचे मोठे कर्ज घ्यावे लागले.

१९२९ नंतरच्या महामंदीत रबराचे भाव कोसळले. त्यातच स्वस्त जपानी मालाची स्पर्धा होती. तान यांनी सिंगापूरमध्ये चिनी हायस्कूल (१९१९) व चीनमध्ये शियामेन विद्यापीठ (१९२१) स्थापन केले होते. हा खर्च थांबवावा, असा धनकोंचा दबाव होता; त्यांनी तो जुमानला नाही. १९३१ मध्ये कंपनीचे मर्यादित कंपनीत रूपांतर होऊन सूत्रे धनकोंकडे गेली आणि १९३४ मध्ये ती बंद झाली. विद्यापीठ १९३७ मध्ये चिनी सरकारकडे सोपवले गेले.

देणग्यांमुळेच कंपनी बुडाली, असे काही वेळा म्हटले जाते. ते पटत नाही. कर्ज आणि कोसळलेले भाव यांचाच भार मोठा होता. त्यांच्याच कंपनीत काम केलेले जावई ली कोंग चियान यांनी स्वतःची रबर कंपनी काढली होती. ती मंदीतून तरली.